लागू दे पाय

आमच्या घरात एक नियम कुणाला शिकवावा लागला नाही. आपला पाय चुकून दुसऱ्याला लागला, की त्याच्या अंगाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. पुस्तकाला लागला तरी तेच, केरसुणीला लागला तरी तेच. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण एका खोलीत ओळीनं झोपायचो. रात्री कूस बदलताना पाय लागला, तर अर्ध्या झोपेत, डोळेही न उघडता हा नमस्कार व्हायचा. पुढं नोकरीनं मला सिकंदराबादला आणलं, माझा मुलगा इथंच लालागुड्यात जन्मला. तो शाळेत तेलुगू बोलला, गल्लीत दख्खनी बोलला, घरात मराठी बोलला. पण हा नमस्कार त्याच्या हातात आपोआप उतरला.

तो आता सत्तावीस वर्षांचा आहे. मागच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी, शामीरपेटच्या पलीकडच्या माळावर, आठ फुटी लाकडी भिंतीशी मी गुडघे वाकवून उभा होतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून मी त्याच्यासाठी पायरी केली होती. तो समोर उभा. दोघंही कानापर्यंत चिखलात. मागं पंधरावीस माणसं खोळंबलेली, आणि तो जागचा हलेना.

"बाबा, पाय लागेल," तो म्हणाला.

त्या भिंतीपर्यंत आम्ही कसे पोचलो, ते आधी सांगतो.

मुलगा रायदुर्गच्या बाजूला राहतो. आमच्या मेट्टुगुड्याहून मेट्रोचा निळा मार्ग थेट त्याच्या भागात जातो, गाडी बदलावी लागत नाही. तरी तो महिन्यातून दोनदा येतो. रोज रात्री फोन मात्र न चुकता. "जेवलात का?" "हो. तू?" "हो." मग तो म्हणतो, "आईला द्या." वर्षानुवर्षं आमचं बोलणं एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. बोलायला विषय लागतो, आणि तो आमच्याकडं नव्हता.

मागच्या दसऱ्याला जेवताना तो म्हणाला, की ऑफिसातले काही जण अडथळ्यांच्या शर्यतीत उतरणार आहेत, पाच किलोमीटर, सगळा चिखल, आणि प्रत्येकाला एक जोडीदार घेता येतो. "तुम्ही येता का?" मी अठ्ठावन्न वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितल्यापासून रोज पहाटे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात चालायला जातो. त्याच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हणालो. तो विचारून मोकळा झाला होता; मी नाही म्हणालो असतो, तर त्यानं पुन्हा कधी विचारलं नसतं, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं.

अडथळ्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचं मैदान येतं: पोत्यात पाय घालून उड्या, टायरमधून सरपटणं, लिंबू-चमचा. मोठ्यांच्या शर्यतीचं मूळ सैन्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं धावणं, चढणं, तोल सांभाळणं, उचलणं, पोहणं यांवर उभी केलेली व्यायामपद्धत मांडली, आणि सैनिकांच्या अडथळा-मार्गांवर तिचा ठसा उमटला. लोकांनी हौसेनं चिखलात उतरण्याची प्रथा बरीच अलीकडची. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळ बिली विल्सन या माजी सैनिकानं 1987 साली आपल्या शेतावर 'टफ गाय' सुरू केली. अमेरिकेत 2010 साली 'टफ मडर' आणि 'स्पार्टन' एकाच वर्षी आल्या. भारतात 2012 पासून अदनान अदीब आणि झेबा झैदी यांची 'डेव्हिल्स सर्किट' शहरोशहरी होते. पाच किलोमीटर आणि पंधरा अडथळे ही तिची ओळख, आणि हैदराबाद तिच्या शहरांत आहे. आता तर ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमधली घोडेस्वारी काढून तिथं अडथळ्यांची शर्यत आणली आहे. 2028 साली लॉस एंजेलिसला ती दिसेल.

सिकंदराबादकराला मात्र हे दृश्य नवं नाही. हे गावच छावणीचं. 1806 साली तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावानं वसलं. तिरमलगिरी, बोलारम या बाजूंनी जाताना लष्कराच्या भिंतीपलीकडं लोंबणारे दोर, लाकडी चौकटी, चर दिसतात. माझा मुलगा लहानपणी स्कूटरवर पुढं उभा राहून ते बघायचा आणि मला गाडी हळू घ्यायला लावायचा. लष्कराच्या शारीरिक चाचणीत पाच किलोमीटरची दौड, उभा दोर, आडवा दोर आणि नऊ फुटांचा चर ओलांडणं असायचं. शर्यतीचं अंतर पाच किलोमीटर आहे म्हटल्यावर त्याला पहिली आठवण त्या भिंतीची झाली, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

तयारीला तीन महिने होते. पाय माझे चालण्यानं बरे होते. मौला अलीच्या टेकडीच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा चढू लागलो. वरच्या दर्ग्यापर्यंत पोचलं, की खाली रेल्वेचे रूळ आणि चहूकडं ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसतात, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. खरी अडचण हातांची निघाली. पार्कातल्या आडव्या दांड्याला पहिल्या दिवशी लटकलो, तो सात सेकंदांत बोटं उघडली. दंडात जोर होता, खांदे दुखत नव्हते, बोटंच उघडली. आयुष्यभर रजिस्टर आणि मग कीबोर्ड धरलेल्या हातांना स्वतःच्या देहाचं वजन पेलण्याची वेळच आली नव्हती.

मुठीच्या या बळावर मी मग वाचलं. 'लॅन्सेट'मध्ये 2015 साली आलेल्या 'प्युअर' या अभ्यासात भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार माणसांची पकड मोजून काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला होता. मृत्यूचा धोका ओळखायला वरच्या रक्तदाबापेक्षा मुठीची पकड अधिक उपयोगी ठरली. पकड वाढवली की आयुष्य वाढतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. मूठ सैल पडते तेव्हा देहाचं बाकीचंही काही सैल पडत असतं, एवढं ते सांगतं. मी रोज लटकू लागलो. सात, नऊ, नऊ, अकरा. आकडा मुलाला कळवायचा, असं ठरलं.

आपल्याकडं लटकण्या-चढण्याच्या विद्येचा एक धागा थेट हैदराबादशी जुळतो. निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले, आणि त्यांच्याशी लढण्यासाठी बाळंभट्टदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीच्या रानात माकडांच्या उड्या पाहून मल्लखांब सिद्ध केला, अशी कथा व्यायामशाळांतून सांगतात. कथेतला सप्तशृंगीचा भाग श्रद्धेचा मानू. पण लाकडाला आणि दोराला अंगानं मिठी मारून वर सरकण्याचं शास्त्र मराठी मुलखात दोनशे वर्षं जिवंत आहे, हे तर खरंच. परभणीच्या तालमीत माझ्या काकांनी मला दोर चढायला लावला होता, तेव्हा मी आठवीत होतो. पायाच्या पंजांत दोर कसा अडकवायचा, हे पंचेचाळीसएक वर्षांनी आठवेल असं वाटलं नव्हतं. शर्यतीत दोर आला तेव्हा डोकं काही सांगण्याआधी पायांना ते आठवलं. मुलाला ते येत नव्हतं. तो नुसत्या दंडांवर चढत होता आणि अर्ध्यात थकला. "पायानं धर, पायानं," असं मी खालून ओरडलो. त्या सकाळी मी त्याला शिकवलेली ती एकच गोष्ट.

शर्यतीच्या सकाळी सहाला निघालो. करीमनगर रस्त्यावर उजाडता उजाडता शामीरपेट तलाव मागं पडला आणि पुढं खाचरं लागली. तेलंगणात जानेवारी म्हणजे यासंगीच्या भाताची लावणी. पाचसहा बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपं खोवत होत्या. थंडी होती, त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेले. आम्ही पैसे भरून, नंबर लावून चिखलात लोळायला निघालो होतो आणि त्यांचा तो रोजचा चिखल होता. गाडीत दोघंही काही बोललो नाही. या विसंगतीचं उत्तर मी शोधत बसणार नाही. पण ज्यांना चिखल ही मौज वाटते, त्यांनी त्या रस्त्यानं जाताना काच खाली करून एकदा नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं. चिखलात पाय कसा काढायचा, टाच आधी की चवडा आधी, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आणि चिखल सगळीकडं एक नसतो. मी काळ्या मातीचा माणूस. पावसाळ्यात आमच्याकडं शेतातून चार पावलं चाललं, की चपलेचं ओझं होतं. माती चपलेला सोडत नाही आणि चप्पल पायात राहत नाही. ती बेसाल्टची माती, पाणी पिऊन फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. हैदराबादची जमीन सुमारे अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर बसली आहे. आमच्या दख्खनी बेसाल्टचं वय तिच्यापुढं साडेसहा कोटी, म्हणजे लेकराचं. इथली लाल माती वाळूमिश्रित, तेलुगूत तिला चलका म्हणतात. ती चिकटत नाही, ती घासते. गाडीनं नांदेडकडं जाताना बासरला गोदावरी ओलांडून धर्माबादकडं निघालं, की खिडकीतून मातीचा रंग बदललेला दिसतो. तीस वर्षं मी ते पाहत आलो. मात्र गुडघ्यांना त्यातला फरक पहिल्यांदा कळला तो काटेरी तारेखालून सरपटताना. काळ्या मातीत गुडघे रुतले असते. इथं ते सोलून निघाले.

इथं चिखलाच्या धोक्यांबद्दल लिहायला हवं, कारण जाहिरातीत फक्त हसरे चेहरे असतात. 2012 साली अमेरिकेत नेवाडातल्या अशाच एका शर्यतीनंतर 22 जणांना कॅम्पिलोबॅक्टर जंतूची बाधा झाली. गुराढोरांच्या विष्ठेनं दूषित झालेलं चिखलपाणी तोंडात गेलं होतं. 2000 साली बोर्निओतल्या साहसी शर्यतीनंतर संपर्क झालेल्या 189 स्पर्धकांपैकी 80 जणांना लेप्टोसदृश आजार झाल्याचं दिसलं. 2005 च्या जलप्रलयानंतर लेप्टो हा शब्द मुंबईच्या घराघरांत पोचला, तोच हा. आणि 2013 साली वेस्ट व्हर्जिनियात उंच फळीवरून गढूळ पाण्यात उडी मारण्याच्या अडथळ्यात एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण बुडून गेला. म्हणून धनुर्वाताची सुई आधीच घेतलेली असावी, अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नये, तोंड मिटून ठेवावं, आणि खोल पाण्याच्या अडथळ्यावर आधीचा माणूस बाहेर आलेला दिसल्याशिवाय उडी मारू नये. आयोजक काहीही म्हणोत, हे आपलं आपण पाळायचं. साचलेल्या पाण्याबद्दल सावध राहण्याचा वारसा तर या गावाला आहेच: 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तो बेगमपेटला, याच छावणीच्या गावात.

माझ्या घरच्यांनी एक अट घातली होती: छातीची तपासणी. ती करून घेतली. पन्नाशीनंतर कुणी उतरणार असेल तर ही अट प्रत्येक घरानं घालावी.

आमची तुकडी आठ वाजता सुटली. बहुतेक सगळे पंचविशी-तिशीचे. पण आईबरोबर आलेली एक मुलगी होती. आई शिक्षिका, तेलुगूभाषक, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असावी. पहिल्या चराशी मुलगी "जाग्रत्ता अम्मा" म्हणत तिचा दंड धरायला गेली, तर तिनं तो सोडवून घेतला आणि बसून, घसरत, व्यवस्थित खाली उतरली. घसरायचंच आहे तर बसून घसरावं. मी तिचं पाहून तसाच उतरलो.

नंतर जाळी, दोर, तारा. मग आडव्या दांड्यांची माळ: एका दांड्यावरून दुसऱ्यावर लटकत जायचं, खाली पाणी. माझा सराव तोवर एकोणीस सेकंदांवर गेला होता, पण तो कोरड्या दांड्यावर. तिसऱ्या दांड्याला बोटं सुटली आणि मी कुशीवर पाण्यात पडलो. खांद्यातून कळ गेली. वर आलो तेव्हा मुलगा काठावरून पाण्यात उतरलेला होता, छातीएवढ्या पाण्यात, आणि त्यानं मला पाठीमागून दोन्ही काखांत हात घालून धरलं होतं. तो आधीच पलीकडं पोचला होता. परत आला होता. "हलवून बघा," म्हणाला. मी हात फिरवून पाहिला. फिरला. एक स्वयंसेवक पोरगा वरून ओरडला, "अंकल, आराम से, कोई जल्दी नै!" इथली बोली ऐकली की मला बरं वाटतं.

त्यानं हात लगेच सोडले नाहीत. मीही लगेच चालू लागलो नाही. पोरगं बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत आपण त्याला न्हाऊ घालतो, खांद्यावर घेतो, मांडीवर झोपवतो. मग एका वर्षी हे सगळं थांबतं, आणि कोणत्या दिवशी थांबलं ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडं बाप-लेक गळ्यात गळा घालत नाहीत. दिवाळीत तो पायांवर डोकं ठेवतो, मी पाठीवर हात ठेवतो, आणि वर्षभराचा स्पर्श तिथं संपतो. मेट्टुगुड्याचा रस्ता ओलांडताना मी त्याचं मनगट धरायचो, तो दुसरी-तिसरीत असेल. पुढं एकदा त्यानं ते अलगद सोडवून घेतलं, त्या शिक्षिकाबाईंनी दंड सोडवून घेतला तसंच.

आणि मग ती भिंत.

भिंतीशी लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार स्वयंसेवक म्हणून उभे होते, त्यांनी युक्ती समजावून सांगितली. दोघांतला म्हातारा आधी वर चढवावा असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथंच चुकतं. म्हातारा वर गेला, तर खालच्या तरुणाला ओढणार कोण? फळ्या ओल्या, बुटांना चिखल, एकट्यानं उडी मारून कड गाठणं अवघड. म्हणून ओढायचं बळ ज्याच्यात आहे तो आधी वर, आणि पायरी व्हायचं दुसऱ्यानं. दहीहंडीत खालच्या थराला सगळ्यांत भक्कम माणसं लागतात; इथं उलट होतं. मला फक्त दहा सेकंद न हलता उभं राहायचं होतं.

"बाबा, पाय लागेल."

"लागू दे."

त्यानं आधी बुटाचा तळ दुसऱ्या पोटरीवर पुसला. चिखलानं चिखल काय पुसणार. मग वाकून माझ्या खांद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. कपाळावर लाल मातीचा पट्टा उमटला, आखाड्यात उतरताना पहिलवान लावतात तसा. मागची माणसं गप्प उभी होती. एकानंही घाई केली नाही. मग एक पाय माझ्या हातांत, दुसरा माझ्या बऱ्या खांद्यावर, आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं.

तीन किलोचा होता, लालागुड्याच्या रेल्वे दवाखान्यात पहिल्यांदा हातात दिला तेव्हा. आता चौऱ्याहत्तर. बुटाची टाच गळपट्टीच्या हाडाशी रुतली. माझे पाय चिखलात बोटभर खाली गेले आणि तिथं थांबले. मी श्वास धरून भिंतीच्या फळीकडं पाहत राहिलो. तिच्यावर खिळ्याचं गंजलेलं डोकं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मग वजन हललं, उचललं गेलं, आणि खांदा रिकामा झाला.

वरून त्याचा हात आला. "हात नको, मनगट," निवृत्त सुभेदार म्हणाले. चिखलात हातात हात निसटतो. त्यानं माझं मनगट धरायचं, मी त्याचं. मी त्याचं मनगट धरलं. जाडजूड, केसाळ, माझ्या वडिलांसारखं. त्यानं ओढलं, मी पायांनी भिंत रेटली, पोटानं कडेवर आलो आणि दोघंही पलीकडं घसरलो.

उरलेल्या वाटेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बर्फाच्या हौदाशी मी बाजूनं गेलो. छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेवढं बजावून ठेवलं होतं. मुलगा उतरला आणि निळ्या ओठांनी बाहेर आला. एक तास बावन्न मिनिटांनी आम्ही शेवटची रेघ ओलांडली. नळीच्या पाण्यानं अंग धुतलं, तरी कानातली वाळू चार दिवस निघत होती. खांदा तीन आठवडे दुखला. त्याच्या आईनं हळद-तेल चोळताना गळपट्टीवरचा निळसर डाग पाहिला आणि तो कशाचा, ते विचारलं. मी सांगितलं. ती काही म्हणाली नाही. त्या जागी तेल जरा हलक्या हातानं लावलं.

फोन अजून रोज रात्री येतो.

"जेवलात का?"

"हो."

"आज किती?"

"बावीस."

"ओल्या दांड्यावर?"

"कोरड्या."

"उद्या रुमाल भिजवून दांड्यावर गुंडाळा आणि बघा. मी रविवारी येतो, मोजायला."

मग तो म्हणतो, आईला द्या. पण हल्ली त्याआधी जरा वेळ जातो.